गणपतीत आम्ही दोघं पाठीवर बॅग घेऊन परदेशात असू, घरचं आणि तिकडचं कसं जमवायचं?

मालवणची_सून

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं मालवण तालुक्यातले, खाडीकाठी छोटा होमस्टे आहे. ज्यांचा हा धंदा आहे त्यांना माहितीच आहे, ऑक्टोबर ते मे श्वास घ्यायला फुरसत नसते आणि पाऊस लागला की किल्ल्याच्या होड्या बंद, स्कूबा बंद, पाव्हणे बंद. म्हणजे आम्ही फिरायचं तर पावसातच फिरायचं. जून-जुलै शेतीत जातो, लावणी सासऱ्यांच्या गळ्यात टाकून निघणं काय बरं दिसत नाही, म्हणून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात निघायचं आणि सप्टेंबर संपता संपता परत, असं डोक्यात आहे. थायलंड, लाओस, व्हिएतनाम. हॉस्टेल नाहीतर स्वस्त गेस्टहाऊस, रात्रीच्या बस, जमेल तसं. पासपोर्ट आलेत.

आता अडचण. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळंच पुढे गेलंय, श्रावण १३ ऑगस्टला लागतोय आणि गणपती १४ सप्टेंबरला. म्हणजे श्रावण, नारळी पौर्णिमा, दहीकाला, चवथ, सगळं बाहेर. आमचा गणपती मूळ घरात बसतो, तीन भावांत पाळी आहे आणि यंदा पाळी मोठ्या काकांची, आमची नाही. नव्या सुनेने गौरीपुढे भरायचा माझा ओवसा पण गेल्या वर्षी झाला. त्यामुळे कागदावर बघायला गेलं तर आमच्यावाचून काही अडत नाही. पण सासूबाईंना सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "चवथीक घराक असतलात मां?" आणि आत भांडी घासायला गेल्या. त्यानंतर विषयच काढला नाही त्यांनी. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तर कोणी गणपतीत असं बाहेर राहिलंय का? तिकडे काही केलंत का, का नुसतं फोनवर दर्शन? आणि नवरा श्रावण कडक पाळतो, गणपती विसर्जन होईपर्यंत मासे नाहीत, मग त्याने तिकडे खायचं काय? रूटबद्दल पण कोणाला सुचवायचं असेल तर सुचवा.

कुडाळचा_भटक्या

चवथीचं बाकीचे सांगतील, मी रूटचं बोलतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लाओस आणि उत्तर व्हिएतनाममध्ये ऐन पावसाळा असतो, डोंगरात दरडी पडतात, रस्ते बंद होतात. तुम्ही कोकणातल्या पावसातनं उठून तिकडच्या पावसात कशाला जाताय? थायलंडमध्ये पण फुकेत, क्राबीची बाजू तेव्हा खवळलेली असते, त्यातल्या त्यात कोह समुई, कोह ताओची बाजू बरी.

माझं ऐकाल तर ऑगस्ट इंडोनेशियाला द्या. विषुववृत्ताच्या खाली असल्यामुळे जावा, बाली, लोंबोकला तेव्हा कोरडा सीझन असतो. व्हिसा पोचल्यावर किंवा आधी ऑनलाइन मिळतो, ५ लाख रुपिया, ३० दिवसांचा, एकदा वाढवता येतो. आकडा ऐकून घाबरू नका, तिकडे चहाला पण हजारात पैसे मोजतात. बालीत उतरणाऱ्या परदेशी माणसाला वर दीड लाख रुपियाचा टुरिस्ट कर आहे, २०२४ पासून. बाली त्या महिन्यात महाग आणि गच्च, तिथे थोडेच दिवस काढा, जास्त दिवस जावाला. योग्याकार्ता शहर स्वस्त आहे आणि बाजूलाच प्रंबानन. नवव्या शतकातली देवळं, मधल्या मोठ्या शंकराच्या देवळात पश्चिमेच्या गाभाऱ्यात गणपती बसलाय, उत्तरेला महिषासुरमर्दिनी, दक्षिणेला अगस्ती. आत अंधार असतो, टॉर्च न्या. मी गेलो तेव्हा आत शाळेची पोरं होती, डोक्याला स्कार्फ बांधलेल्या मुली गणपतीसमोर उभ्या राहून वहीत चित्र काढत होत्या, मी बाहेरच थांबलो त्यांचं होईपर्यंत.

मग सप्टेंबरच्या सुरवातीला बँकॉक, शेवटी व्हिएतनाम. लाओस सोडा यावेळी. तिकडे २०२१ च्या डिसेंबरपासून नवीन रेल्वे झालीये, व्हिएन्तियान ते लुआंग प्राबांग दोन तासांत, त्यामुळे पुढे कधी थंडीत आठवडा काढलात तरी होईल. थंडीत तुम्हाला वेळ नाही ते माहितीय, पण तरी.

पाळीचो_माणूस

गो बाय, जा बिनधास्त. कोण काय म्हणणा नाय, आणि म्हटल्यानी तरी दोन दिवस म्हणतले.

पण एक सांगतो, राग येऊ देऊ नको. तुम्ही नसल्याने गणपती अडत नाही, पाळी काकांची आहे, पूजेला बसणारा आहे. अडतं ते चुलीपाशी. सासू गप्प झाली ती देवासाठी नाही झाली असं मला वाटतं. चवथीच्या आधी घर झाडणं, सारवणं, गणपतीवर टांगायच्या माटवीला कवंडळं, कांगणी, सुपारीची शिपटी, तवशी गोळा करून बांधणं, नेवऱ्या, लाडू, मग रोज दोन वेळची पानं, मुंबईची मंडळी येणार ती चहा मागत ओट्यावर बसणार, आणि रात्री भजन आलं की वाडीतल्या सगळ्यांना उसळ-पाव. गेल्या वर्षी ह्यातलं निम्मं तू उचललं असशील. यंदा कोण उचलणार? ह्याचं उत्तर घेऊन सासूसमोर जा, नुसतं "आम्ही जाऊ का" असं विचारू नको. त्या "जावा" म्हणतील आणि मनात ठेवतील.

आमच्याकडे धाकटा भाऊ आणि वहिनी असेच बाहेर होते एका चवथीला. वहिनीने निघायच्या आधी वाडीतल्या एका बाईला भांड्यांना आणि वाटणाला ठरवून पैसे आगाऊ देऊन ठेवले. मोदकाचे तांदूळ धुवून सुकवून डब्यात भरून ठेवले, दळले मात्र नाहीत, पावसात पीठ ठेवलं की वास लागतो, गिरणीवाल्याला सांगून ठेवलं की चवथीच्या आठ दिवस आधी पोरगा घेऊन येईल. मोठ्या काकींच्या हातात खर्चाचे पैसे ठेवले, ते पण घरी जाऊन, जीपे करून नाही. कोणी एक शब्द बोललं नाही त्यांना. उलट काकी अजून सांगत फिरते.

आणि नवऱ्याला म्हणावं काकांना स्वतः जाऊन सांग. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नको, तिथे मुंबईवाले पन्नास प्रश्न विचारतील. निघायच्या आधी रवळनाथाक नारळ ठेवा, गाऱ्हाणा घाला, की झाला.

सावंतवाडी_ते_सायगॉन

आम्ही दोघं गणपतीत बाहेर राहिलोय, त्यामुळे लिहिते. लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

आधी खाण्याचं. थायलंड-व्हिएतनाममध्ये "नो मीट" म्हटलं की ते मटण काढतात आणि माशाचा सॉस तसाच ठेवतात, कारण त्यांच्या लेखी ते मीठ आहे. तुमच्या नवऱ्याच्या श्रावणाचं तिथेच वाटोळं. थायलंडमध्ये "जे" म्हणायचं आणि दुकानावर पिवळी पताका लाल अक्षरात दिसते का बघायचं, तिथे मासे, अंडी, कांदा-लसूण काहीच नसतं, म्हणजे आपल्या नैवेद्यालासुद्धा चालेल असं. व्हिएतनाममध्ये "चाय" लिहिलेल्या पाट्या शोधा, कोम चाय म्हणजे शाकाहारी भाताचं दुकान. तिकडे बरेच बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी शाकाहार करतात, म्हणजे आपली अमावस्या-पौर्णिमा आसपास धरा, त्या दिवशी नेहमीच्या गाड्यांवर पण चाय मिळतं. बाली-जावाला तेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) आणि टोफूवर दिवस निघतात, फक्त तिखट सांबालमध्ये कोळंबीची आंबवलेली पेस्ट नाही ना ते विचारा. विसर्जन झाल्यावर मात्र नवऱ्याला थायलंडचा प्ला थू खायला घाला, आपल्या बांगड्याचा सख्खा चुलतभाऊ आहे तो, बाजारात बांबूच्या गोल टोपलीत मान मोडून बसवलेला असतो.

आता गणपतीचं. आम्ही बँकॉकमध्ये होतो. थाई लोक गणपतीला फ्रा फिकनेत म्हणतात आणि खूप मानतात, त्यांच्या ललितकला खात्याच्या शिक्क्यावरच गणपती आहे. हुआई ख्वांगच्या चौकात मेट्रोच्या जवळ गणपतीचं ठिकाण आहे, रात्री उशिरा पण झेंडूचे हार घेऊन लोक येतात. सिलोमला तमिळ लोकांनी बांधलेलं मारियम्मनचं जुनं देऊळ आहे, तिथे गेलात तर गुरुजी दिसतील, घंटा दिसेल, जरा घरच्यासारखं वाटेल. पण मला विचाराल तर एक दिवस काढून चाचोएंगसाओला जा, बँकॉकहून साध्या पॅसेंजरने दीड-दोन तास. तिथे ३९ मीटर उंचीचा उभा ब्राँझचा गणपती आहे, आणि दुसऱ्या एका वाटमध्ये (बौद्ध मंदिरात) गुलाबी रंगाचा आडवा पहुडलेला. त्याच्यासमोर उंदीर आहेत, प्रत्येक वाराचा वेगळ्या रंगाचा, आपण ज्या वारी जन्मलो त्या उंदराच्या कानात इच्छा सांगायची आणि त्याचा दुसरा कान हाताने बंद करायचा, नाहीतर ऐकलेलं निघून जातं म्हणे. माझा नवरा लांब उभा राहून हसत होता, मग हळूच जाऊन आला. काय मागितलं ते अजून सांगत नाही.

मोदक आम्ही हॉस्टेलच्या किचनमध्ये केले. तांदळाचं पीठ तिकडे कुठेही मिळतं, तीन डोक्यांच्या हत्तीचं चित्र असलेली पिशवी असते, लाल छपाईची घ्यायची. हिरवी म्हणजे चिकट तांदळाचं पीठ, त्याची पारी उकडताना बसते. गुळाऐवजी ताडाची साखर, नारळ बाजारात समोर खवून देतात. पाणी उकळताना चमचाभर खोबरेल घातलं, तूप नव्हतं. साचा नव्हताच, हाताने कळ्या काढल्या, आणि वाफवायला भाताच्या कुकरवरची जाळी. हॉस्टेलची मालकीण बघत उभी होती, ती गेली आणि कोपऱ्यावरून खनोम तोम घेऊन आली. आत नारळ-ताडसाखर, बाहेर तांदळाच्या पिठाचा गोळा, वर खोबऱ्याचा कीस. म्हणाली आम्ही पण गणपतीपुढे हेच ठेवतो. मग दोन्ही ठेवले.

मूर्ती नेऊ नका. आम्ही फोटो ठेवला आणि आरती म्हटली, प्राणप्रतिष्ठा वगैरे काही नाही, ती घरी होतेच आहे की. मातीचा करायचाच असेल तर योग्याकार्ताजवळचं कासोंगान आणि व्हिएतनाममध्ये होई आनजवळचं "थान हा", दोन्ही कुंभारांची गावं आहेत, चाकावर बसायला देतात, ओली माती थोडी विकत मागितली तर देतात. विसर्जन बादलीत करा, दुसऱ्याच्या नदीत नको.

व्हिडिओ कॉलचं वेळेचं गणित बघा, थायलंड आणि व्हिएतनाम आपल्यापुढे दीड तास. गावची रेंज पावसात जाते, त्यामुळे आरतीच्या वेळेवर फार विसंबू नका. आम्हाला दर्शन दुसऱ्या दिवशी दुपारी झालं, तेही पुतण्या आंब्याच्या झाडापाशी जाऊन उभा राहिला तेव्हा.

कुडाळचा_भटक्या

वरच्या ताईंनी होई आन काढलं म्हणून आठवलं. यंदा अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला आणि व्हिएतनामचा मध्यशरद सण, त्रुंग थू, पण २५ सप्टेंबरलाच. त्यांची पौर्णिमा आपल्या भाद्रपदातल्या पौर्णिमेच्या मागेपुढेच येते. पोरं कंदील घेऊन रस्त्यावर, ढोलाच्या तालावर सिंहाचा नाच, गल्लीगल्लीत मिरवणूक. तुम्हाला विसर्जनाची आठवण येणार असेल तर त्या दिवशी होई आनला असा. पावसाची शक्यता असते, पण तुम्ही मालवणचे. शिवाय जवळच दा नांगच्या चाम म्युझियममध्ये "मी सोन" या जुन्या चाम देवळांच्या ठिकाणाहून आणलेला जुना उभा गणपती आहे, तो सोडू नका.

आणि व्हिएतनामचा ई-व्हिसा निघण्यापूर्वीच काढा, ९० दिवसांपर्यंत मिळतो, एकदा प्रवेशाचा २५ डॉलर. थायलंडला उतरायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं.

घाटवाट

बाइक भाड्याने घेणार असाल तर एक ध्यानात ठेवा. आपल्याकडे आरटीओ जो आंतरराष्ट्रीय परवाना देतं तो १९४९ च्या रस्ते वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय करारातला. थायलंडला चालतो. व्हिएतनाम १९६८ चा करार मानतं, त्यामुळे तिकडे आपला परवाना धरत नाहीत. दुकानदार गाडी देईल, तो कोणालाही देतो, पण पडलात तर इन्शुरन्सवाला हात वर करेल. बस आणि ट्रेन भरपूर आहेत.

मालवणची_सून

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. रूट बदलला, जावा-बाली, मग बँकॉक, मग होई आन. लाओस राहिलं.

पाळीचे दादा, तुमचं वाचून मी आधी जरा चिडले आणि मग संध्याकाळी सासूबाईंजवळ तांदळाचा आणि भांड्यांचा विषय काढला. तर त्या म्हणाल्या वाटणाला बाई नको, तिचं मीठ नेहमी जास्त पडतं, भांड्यांना चालेल. आणि भजनाच्या रात्रीची उसळ धाकट्या नणंदेकडे द्यायची असं त्यांनीच ठरवून टाकलं, नणंदेला अजून माहीत नाही. नवरा उद्या काकांकडे जाणार आहे.

एकच विचारायचं राहिलं, २८ च्या आसपास मुंबईत उतरलो तर कोकणात यायला तिकीट मिळेल का? गणपतीच्या दिवसांत रेल्वेचं नाव काढायला भीती वाटते.

पाळीचो_माणूस

मिळतला. तेव्हा गर्दी उलटी असते, चाकरमानी मुंबईला परत जात असतात, गावाकडे येणारी गाडी त्यामानाने मोकळी. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे तुम्ही निघायच्या आधीच काढून ठेवा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक तेव्हा चालूच असतं, गाडी रडत रडत येते, कणकवली की कुडाळ ते आधी ठरवा आणि रिक्षावाल्याला सांगून ठेवा. नणंदेला पण आताच सांगा.