मदत हवी आहे : काँक्रीट रस्त्याची जाडी तपासायची आहे, मोजमाप पुस्तिका मिळत नाही

आमच्या ग्रामपंचायतीने 15व्या वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाचे बंधन नसलेल्या) निधीतून गल्लीत सिमेंट काँक्रीटचा रस्ता केला. अंदाजपत्रकात जाडी 15 सेंमी आहे. गटाराच्या बाजूला कड उघडी पडली आहे, तिथे टेप लावली तर जेमतेम 9 भरते. (फक्त कडेलाच कमी असेल, हे मान्य. म्हणूनच मधली जाडी बघायची आहे.)

ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या हिशेबाच्या पोर्टलवर पूर्ण रक्कम अदा दिसते. माहिती अधिकारात अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापे नोंदवलेली वही) आणि मूल्यांकन दाखला मागितला. विषय एकच, दीडशे शब्दांच्या आत, दहाचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. पहिले दोन कागद मिळाले. बाकीचे ‘पंचायत समितीच्या बांधकाम शाखेत आहेत’ असे उत्तर आले. मग कलम 6(3) प्रमाणे पाच दिवसांत अर्ज तिकडे वर्ग का केला नाही? पहिल्या अपिलात माहिती देण्याचा आदेश झाला, तरी कागद आले नाहीत. दुसरे अपील 90 दिवसांच्या मुदतीत करणारच आहे. कलम 18 ची तक्रार सुचवू नका. त्यातून दंड होऊ शकतो, पण कागद मिळत नाहीत.

ग्रामसभेत ठराव घेणे सध्या शक्य नाही, सदस्यच ठेकेदाराच्या बाजूने आहेत.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2 मध्ये साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क आहे. त्याखाली रस्त्याचा कोअर (यंत्राने कापून काढलेला गोल उभा तुकडा, ज्यावर जाडी मोजता येते) कोणी काढून घेतला आहे का? अर्ज ग्रामपंचायतीकडे द्यायचा की उपअभियंत्याकडे, आणि कोअर कटिंगचा खर्च कोणाच्या माथी येतो?