मदत हवी आहे: कोॲग्युलेजची गाठ सकाळी विरघळली, हा ऑरियस की त्वचेवरचा साधा स्टॅफ?

नमस्कार. तालुक्याच्या गावी एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मायक्रोबायॉलॉजीतल्या जाणकारांचा सल्ला आजच हवाय.

मानेत डायलिसिसचा कॅथेटर असलेल्या पेशंटला हुडहुडी भरून ताप आला. ब्लड कल्चरच्या (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) दोन्ही बाटल्या, एक हातातून, एक कॅथेटरमधून, चोवीस तासांच्या आत पॉझिटिव्ह. ग्रॅम स्टेनमध्ये जांभळे गोल जंतू, द्राक्षांच्या घडासारखे. कॅटालेजला बुडबुडे. म्हणजे स्टॅफ नक्की, पण कुठला? घातक ऑरियस की त्वचेवरचा साधा एपिडर्मिडिस? ते कोॲग्युलेज टेस्टने ठरतं: ऑरियस प्लाझ्मा गोठवतो, एपिडर्मिडिस नाही. स्लाइड कोॲग्युलेजमध्ये नुसत्या सलाइनच्या थेंबातही कण धरले (तिथे धरायला नकोत), म्हणून ती बाद केली. सशाच्या प्लाझ्मात ट्यूब लावली. चार तासांनी तिरपी केली तर प्लाझ्मा जेलीसारखा घट्ट, हलेचना. खात्रीसाठी रात्रभर ३७ अंशांवर ठेवली आणि सकाळी बघतो तर पाण्यासारखा पातळ!

सीनियर म्हणतात, निगेटिव्ह धर, एपिडर्मिडिस असेल, 'कंटॅमिनेशन' (त्वचेवरून नमुन्यात चुकून आलेला जंतू) लिहून टाक. माझं मन घेत नाही.

त्यात सेफॉक्सिटिन या अँटिबायोटिकच्या चकतीभोवतीचा झोन (जिथे जंतू वाढला नाही ते वर्तुळ) आलाय २३ मिमी. ऑरियस असेल तर सेन्सिटिव्ह, म्हणजे औषध लागू पडेल (२२ किंवा जास्त), एपिडर्मिडिस असेल तर रेझिस्टंट, म्हणजे लागू पडणार नाही (२४ किंवा कमी). नाव चुकलं की औषधही चुकलं. डॉक्टरांचे दोन फोन येऊन गेले. काय लिहू?

प्रतिसाद १
चार तासांनी दिसलेली गाठ हेच उत्तर. ट्यूब पॉझिटिव्ह आहे. काही ऑरियस स्टॅफिलोकायनेज सोडतात आणि फायब्रिनची गाठ विरघळवतात. म्हणूनच चार तासांनी बघायचं, आणि तेव्हा गाठ नसेल तरच रात्रभर ठेवायचं. आज नवी ट्यूब लावा, सोबत ओळखीचा ऑरियस आणि एपिडर्मिडिस कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेला. अर्ध्या-अर्ध्या तासाने बघा. हलवू नका, फक्त तिरपी करा.

पण डॉक्टरांना फोन आत्ताच करा. रक्तातला ऑरियस कंटॅमिनेशन म्हणून सोडायचा नसतो. आणि समजा एपिडर्मिडिस निघाला, तरी दोन्ही बाटल्यांत, तेही कॅथेटरवाल्या पेशंटच्या, म्हणजे तो निरुपद्रवी मानता येत नाही. प्लास्टिकवर थर करून तो चिकटून बसतो. एकाच बाटलीत आणि उशिरा वाढला असता तर गोष्ट वेगळी.

धागाकर्ता
खूप आभार. डॉक्टरांना लगेच कळवलं. नवी ट्यूब अडीचला लावली, साडेपाचला घट्ट गाठ. एपिडर्मिडिसची ट्यूब पातळच. सीनियरना दोन्ही शेजारी धरून दाखवल्या. रिपोर्ट 'स्टॅफिलोकॉकस ऑरियस, सेफॉक्सिटिन सेन्सिटिव्ह' असा गेला.