युद्ध नसताना लष्करी सर्जनचा हात कुठे तयार व्हावा?

वानवडीकर (धागाकर्ता)

ओळखीतला एक मुलगा एएफएमसीतून, म्हणजे पुण्यातल्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातून, डॉक्टर झाला, पुढे सर्जरीत एमएस केलं आणि आता एका लष्करी रुग्णालयात आहे. सुट्टीवर आला होता. म्हणाला, "काका, टेबलावर रोज हर्निया, अपेंडिक्स, पित्ताशयाचे खडे. उद्या सीमेवर पाठवलं तर गोळीने फाटलेलं यकृत मी पहिल्यांदा तिथेच बघणार." प्रश्न त्याच्या हुशारीचा नाही, तो ज्या व्यवस्थेत घडतोय तिचा आहे.

माझं मत स्पष्ट मांडतो. लष्करातल्या प्रत्येक सर्जनने ठरावीक वर्षांनी काही महिने मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या ट्रॉमा (गंभीर जखमींच्या) विभागात पूर्णवेळ काम करावं, तेही सक्तीने. निरीक्षक म्हणून मागे उभं राहायचं नाही. रात्रपाळीसकट जबाबदारी घ्यायची.

युद्ध थांबलं की युद्धात शिकलेली सर्जरी विरून जाते. ब्रिटिश नौदलाचे सर्जन अ‍ॅलास्डेर वॉकर यांच्या नावावरून या घसरणीला 'वॉकर डिप' म्हणतात. तिची किंमत पुढच्या युद्धातले पहिले जखमी मोजतात. टूर्निकेटचंच बघा, म्हणजे रक्त थांबवायला हातापायावर आवळायच्या पट्ट्याचं. हातपाय गमवावे लागतात या भीतीने हा साधा पट्टा कित्येक दशकं बदनाम राहिला. २००६ साली बगदादच्या अमेरिकन लष्करी रुग्णालयात नीट नोंदी ठेवल्या गेल्या. शॉकमध्ये (रक्त गेल्याने शरीर कोलमडायच्या अवस्थेत) जायच्या आधी पट्टा बांधलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के जगले, शॉकनंतर बांधलेल्यांपैकी जेमतेम १० टक्के.

बाकीच्या देशांनी यावर काय केलं? अमेरिकन वायुदलाचे डॉक्टर बाल्टिमोरच्या ट्रॉमा सेंटरला जातात, लष्कराचे मायामीला. ब्रिटिशांनी आपली लष्करी रुग्णालयं एकेक करून बंद केली, २००१ मध्ये बर्मिंगहॅमला केंद्र काढलं आणि डॉक्टरांना नागरी रुग्णालयांत कामाला लावलं. त्यांचे कित्येक सर्जन गोळ्या आणि भोसकाभोसकीच्या केसेस शिकायला जोहान्सबर्गच्या बारागवानाथ रुग्णालयात जात आले आहेत.

आपल्याला एवढं लांब जायची गरज नाही. २०२२ या एका वर्षात आपल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, हा सरकारी आकडा आहे. ज्या रुग्णालयांत हे जखमी येतात तिथे हात कमी पडतात, आणि कँटोन्मेंटमधले तयार हात तिथे पोचत नाहीत.

जुना_एनए

नमस्कार साहेब. मी आर्मी मेडिकल कोअरमधून नर्सिंग असिस्टंट म्हणून निवृत्त झालो. तुमची तळमळ पटते, पण गाडी चुकीच्या टोकाकडून ढकलताय.

सर्जनपर्यंत पोचतो कोण? अमेरिकेने २००१ ते २०११ या काळातल्या आपल्या ४,५९६ मृत्यूंचा हिशोब मांडला. त्यातले ८७ टक्के रुग्णालयात पोचायच्या आधीच गेले होते. या आधीच गेलेल्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा वाचू शकला असता आणि त्यातल्या दहापैकी नऊ जणांना रक्तस्रावाने नेलं. सर्जनच्या बोटांचा इथे संबंधच आला नाही.

त्यांच्याच रेंजर रेजिमेंटने काय केलं बघा. प्रथमोपचार फक्त मेडिकलवाल्याचं काम ठेवलं नाही. स्वयंपाक्यापासून कमांडिंग ऑफिसरपर्यंत प्रत्येकाला शिकवलं आणि त्याची जबाबदारी कमांडरवर टाकली. पुढे हिशोब केला तेव्हा जागेवर टाळता आला असता असा एकही मृत्यू त्यांना सापडला नाही.

आम्ही जवानांना शिकवायचो ते सांगतो. डोळ्यांवर पट्टी, एक हात बांधलेला, आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्याच मांडीला टूर्निकेट. वर, जांघेजवळ. पट्टा आवळायची दांडी पिळायची ती रक्त थांबेपर्यंत, दुखणं थांबेपर्यंत नव्हे. नवीन पोरं दुखायला लागलं की हात सैल सोडतात. मग वेळ लिहायची. पहिल्या दिवशी निम्म्यांना दांडी खाचेत अडकवता येत नाही. हे वर्षातून एकदा करून भागत नाही, दर महिन्याला हवं. पैसा आणि वेळ आधी इथे घाला. सर्जनची पाळी त्यानंतर.

डॉ_शाल्मली

मी सर्जन आहे. परदेशात संघर्षग्रस्त भागातल्या रुग्णालयात काम केलंय. धागाकर्त्यांशी मुळातच असहमत.

अपघाताची जखम आणि युद्धाची जखम यांत फरक आहे, आणि तो जिवावर बेततो. आपल्या ट्रॉमा वॉर्डात येतो तो बहुतेक मुका मार: दुचाकीवरून पडलेला, डोक्याला लागलेला, मांडीचं हाड मोडलेला. रायफलच्या वेगवान गोळीने किंवा सुरुंगाने झालेल्या जखमेत बाहेर छोटं भोक दिसतं आणि आत कपड्याचे तुकडे, माती आणि मेलेला स्नायू असतो. तो स्नायू ओळखायचा कसा? रंग बघायचा, चिमट्याने धरल्यावर आकसतो का बघायचं, कापल्यावर रक्त येतं का बघायचं. जे मेलं ते काढायचं आणि जखम उघडीच ठेवायची. शिवायची चार-पाच दिवसांनी. नागरी रुग्णालयात घडलेला सर्जन सवयीने पहिल्याच दिवशी टाके घालतो. मग गॅस गँग्रीन होतं, म्हणजे जंतूंनी आतला स्नायू सडतो, आणि वाचला असता तो पाय जातो.

हा धडा दर युद्धात नव्याने शिकावा लागलाय. १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिनाच्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश नौदलाचे सर्जन रिक जॉली यांचं रुग्णालय एजॅक्स बेच्या एका जुन्या मांस-कारखान्यात होतं. जखमा उघड्या ठेवायचा नियम तिथे पाळला गेला आणि त्यांच्या हाती जिवंत आलेला एकही ब्रिटिश जखमी त्यांच्या देखरेखीत दगावला नाही. ते जमलं याचं कारण हा नियम त्यांना आधीपासून माहीत होता.

म्हणून म्हणते, वेगळा अभ्यासक्रम हवा. मृतदेहावर सराव, युद्धजखमांचे फोटो समोर ठेवून चर्चा, आणि ज्यांनी अशा जखमा हाताळल्यात ते शिक्षक. ट्रॉमा वॉर्डात सहा महिने काढून चुकीच्या सवयी पक्क्या होतील.

गोदाकाठ

यात प्राण्यांचा विषय कुणी काढला नाही म्हणून विचारतो. ब्रिटिश सर्जन डेन्मार्कला जाऊन भूल दिलेल्या, गोळ्या घातलेल्या डुकरांवर सराव करायचे. अमेरिकेत शेळ्या-डुकरांवर चालायचं, तिथल्या तटरक्षक दलाने ते २०१८ मध्ये बंद केलं. जिवंत रक्त वाहत असताना शिकायचं असेल तर दुसरा मार्ग काय?

डॉ_शाल्मली

गोदाकाठ, मला ते नको. डुकराची शरीररचना वेगळी, कातडी वेगळी. नाटोतले बहुतेक देश प्राण्यांविना भागवतात. एखाद्या जीवाला गोळी घालून शिकवायचं तर त्याशिवाय शिकताच येत नाही हे आधी सिद्ध करावं लागेल, आणि ते कुणी केलेलं नाही.

वानवडीकर

शाल्मलीताई, उघड्या जखमेचं म्हणणं शंभर टक्के मान्य, आणि तो अभ्यासक्रम माझ्या मागणीच्या आड येत नाही. पण फोटो बघून थांबायला शिकता येत नाही.

युद्धसर्जरीचा आजचा कणा म्हणजे डॅमेज कंट्रोल. रक्त थांबवा, फाटलेलं आतडं बांधून टाका, पोटात पॅक (कापडाच्या घड्या) भरा, पोट उघडं ठेवून आयसीयूत न्या, शरीर गरम करा आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत आत जा. या पद्धतीला नाव आणि शिस्त मिळाली ती १९९३ मध्ये फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांकडून, शहरात गोळ्या लागून आलेल्या रुग्णांवर काम करताना. तिथून ती इराक-अफगाणिस्तानात गेली. रक्तस्राव कमी करणारं औषध ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिडही तसंच. २०१० चा मोठा अभ्यास २०,००० हून जास्त नागरी रुग्णांवर झाला, त्यात भारतातली रुग्णालयंही होती. नंतर ते लष्करात रुळलं. नागरी वॉर्डात चुकीच्याच सवयी लागत असत्या तर हे घडलं नसतं.

पोटात रक्त भरलंय, दाब उतरतोय, भूलतज्ज्ञ ओरडतोय, अशा वेळी 'आता पुरे, पॅक भरा' हे ठरवणं पुतळ्यावर शिकता येत नाही. मुका मार असो की गोळी, तो निर्णय एकच असतो.

एनएसाहेब, जवानांचं प्रशिक्षण आधी, हे मान्य. पण टूर्निकेट मांडीला बांधता येतो. छातीत आणि पोटात रक्त वाहत असेल तर त्या माणसाला लवकर सर्जनच लागतो.

रेसिडेंट_२

मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयात सर्जरीचा रेसिडेंट आहे. सगळे आमच्या वॉर्डाबद्दल बोलताय, आम्हालाही विचारा.

केसेस भरपूर आहेत हे खरं. पण पोट उघडायची संधी तेवढी नसते. बरेच रुग्ण न्यूरोसर्जरी आणि ऑर्थोकडे जातात. मुक्या माराने फाटलेली प्लीहा आणि यकृत आज बहुधा ऑपरेशनविना सांभाळतात. उरलेल्या लॅपरोटॉमीसाठी, म्हणजे पोट उघडून करायच्या ऑपरेशनसाठी, आम्ही आधीच रांगेत असतो. त्यात लष्कराचे सिनियर सर्जन आले की टेबलावर ते उभे राहणार आणि मी जखम उघडी धरायचा रिट्रॅक्टर धरणार. माझं शिक्षण बुडालं तर पुढे जिल्हा रुग्णालयात जखमींना कोण बघणार?

सोलापुरी_चादर

युक्रेनकडे बघा. अफगाणिस्तानात तासाभरात हेलिकॉप्टर यायचं, २००९ मध्ये अमेरिकन संरक्षणमंत्री गेट्स यांनी तसा आदेशच काढला होता. युक्रेनमध्ये ड्रोनमुळे जखमीला बाहेर काढायलाच कित्येक तास, कधी दिवस लागतात. टूर्निकेट तेवढा वेळ बांधलेला राहतो आणि वाचू शकणारे पाय कापावे लागतात. एनएसाहेब, पट्टा कधी सैल करायचा, कुणी करायचा, हेही आता शिकवावं लागेल.

आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले तेव्हा नुकतेच डॉक्टर झाले होते. आघाडीजवळ, तुटपुंज्या साधनांत शिकले आणि मरेपर्यंत तिथल्या पोरांना शिकवत राहिले. १९४२ मध्ये गेले, वय ३२. पुढचं युद्ध हिमालयात झालं तर आपल्या सर्जनची परिस्थिती बाल्टिमोरपेक्षा कोटणीसांच्या जास्त जवळची असेल. रस्ता बंद, हवामान खराब, रक्तपेढी नाही. जखमीला दोन दिवस सांभाळायचं कसं, सोबतच्या जवानांचं ताजं रक्त काढून द्यायचं कसं, हे मुंबईच्या वॉर्डात कोण शिकवणार?

आणि संशोधनाचं काय? १९६२ च्या युद्धानंतर आपल्या लष्करी डॉक्टरांनी उंचीवर फुप्फुसात पाणी भरण्याच्या आजारावर जे काम केलं, ते १९६५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. जगाने ते वाचलं. जखमांच्या नोंदीही तशाच ठेवाव्यात आणि नावं काढून छापाव्यात. बगदादच्या नोंदी नसत्या तर टूर्निकेटचा वाद अजून चालू असता.

जुना_एनए

सोलापुरी दादा, नोंदीबद्दल पूर्ण सहमत. पण नोंद जखम झाली तिथूनच सुरू व्हायला हवी. पट्टा किती वाजता बांधला हे कार्डावर नसेल तर पिछाडीच्या रुग्णालयातल्या डॉक्टरने काय ठरवायचं? ते कार्ड भरतो नर्सिंग असिस्टंट, अंधारात, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी. कार्ड छापताना आम्हाला विचारा. रकाने कमी आणि मोठे ठेवा.

वानवडीकर

रेसिडेंटसाहेब, तुमची अडचण खरी आहे, म्हणून ठोस विचारतो. लष्कराचा सर्जन एकटा न येता त्याची पूर्ण टीम आली तर? भूलतज्ज्ञ, ओटीच्या नर्स, रक्तपेढीचा माणूस. सोबत एक सुसज्ज ओटी आणि चार आयसीयू खाटा, खर्च संरक्षण खात्याचा. केसेस अर्ध्या तुमच्या, अर्ध्या त्यांच्या, आणि शाल्मलीताई म्हणतात त्या युद्धजखमेचे वर्ग तुम्हालाही खुले.

रेसिडेंट_२

खाटा आणि नर्स मिळणार असतील तर बोलू. माझ्या अटी: ड्युटी लिस्टवर त्यांचं नाव आमच्यासारखंच लागलं पाहिजे, शनिवारची रात्र आणि गणपतीतली ड्युटी धरून. केस कोणाची हे युनिट हेडने ठरवायचं, हुद्द्याने नाही. आणि सीमेवर तणाव वाढून त्यांना रातोरात बोलावलं तर त्या चार खाटांवरचे रुग्ण कोण सांभाळणार, हे कागदावर आधी लिहून द्या.