वॅगनआरच्या ब्रेकचं एस्टिमेट १६,८००. खरंच एवढं काम असेल का? (कोल्हापूर)

गिरिजा_कोल्हापूर

नमस्कार. गाडी वॅगनआर, २०१६ चं मॉडेल, पेट्रोल, रनिंग ६२ हजार. आई साखरप्याला असते, त्यामुळे आंबा घाटातून सारखं येणं-जाणं आहे. ब्रेकच्या कामात चालढकल करायची नाही, पण फसायचंही नाही.

त्रास असा आहे. हळू चालवताना ब्रेक दाबला की पुढून किर्रर्र आवाज येतो. ऐंशीच्या स्पीडला ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतं. आणि पेडल पूर्वीपेक्षा खाली जातंय.

एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली. थोड्या वेळात छापील एस्टिमेट हातात दिलं: पुढचे पॅड, दोन्ही डिस्क, मागचे ब्रेक शू, दोन्ही ड्रम, दोन्ही व्हील सिलिंडर, कॅलिपर किट, ब्रेक ऑइल, ‘ब्रेक क्लीनिंग ट्रीटमेंट’ आणि लेबर. एकूण १६,८००. चाकं उघडली होती की नाही तेही मला माहीत नाही, कारण आत जाऊच दिलं नाही. “मॅडम, घाटात जाताय, काही झालं तर आमच्यावर येऊ नका,” हे मात्र पुन्हा पुन्हा ऐकवलं. घराजवळच्या गॅरेजवाल्याने नुसता आवाज ऐकून सांगितलं, “पॅड टाकू, बावीसशेत होऊन जाईल.”

आता खरं कुणाचं मानायचं? राजारामपुरी-शाहूपुरीकडे विश्वासाचा मेकॅनिक असेल तर सांगाच. पण त्याआधी नेमकं काय बघायचं, काय विचारायचं ते सांगा.

उद्यमनगरवाला

डिस्क लगेच बदलू नका. शिवाजी उद्यमनगरात लेथवर डिस्क टर्निंग (वरचा थर घासून सपाट करणं) करून मिळते, दोन्हींचे मिळून पाच-सहाशे होतील. थरथर जाते. वर्कशॉपवाले हे सांगत नाहीत, कारण त्यांना नवीन डिस्क विकायची असते.

पार्ट्स_काउंटर

गिरिजाताई, आमचं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे, काउंटरवर मीच बसते. दिवसभर मेकॅनिक पॅडची पाकिटं नेतात, त्यामुळे बिलात काय चालतं ते जवळून बघते.

तुम्हाला दोन आकडे मिळाले, पण दोघांनीही माप घेतलेलं दिसत नाही. सोळा हजारवाल्याने भीती घातली, बावीसशेवाल्याने अंदाज सांगितला. दुसरा माणूस सरळही असेल, पण चाक उघडल्याशिवाय त्यालाही काही कळणार नाही. तेव्हा पहिली अट ही घाला: “चारी चाकं काढा, मी इथंच उभी आहे, मला दाखवा.” याला जो नको म्हणेल त्याच्याकडे गाडी ठेवू नका, मग तो कितीही स्वस्त असो.

चाक काढल्यावर पॅडचा मसाला, म्हणजे डिस्कवर घासून झिजणारा थर, बघा, मागच्या लोखंडी पट्टीची जाडी धरू नका. नवीन असताना तो साधारण दहा मिलिमीटर असतो. तीनवर आला की बदलायचा. आवाज येतोय म्हणजे बहुतेक त्यावरची पत्र्याची पट्टी डिस्कला घासतेय. पॅड संपत आल्याचं कळावं म्हणूनच ती दिलेली असते. आणि आतला पॅड, बाहेरचा पॅड दोन्ही बघा. आतला संपलेला आणि बाहेरचा अर्धा शिल्लक असेल तर कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, नीट सरकत नाहीये, बऱ्याचदा त्याच्या पिना जाम झालेल्या असतात. पिना काढून, साफ करून, ब्रेकचं खास ग्रीस लावलं नाही तर नवे पॅडही तसेच एका बाजूने जातील. हे काम पॅड बदलण्यातच धरलेलं असतं. त्याला ‘ट्रीटमेंट’ नाव देऊन वेगळे पैसे लावणं मला पटत नाही.

डिस्कवर इंग्रजीत ‘मिन टीएच’ असं कोरून पुढे मिलिमीटरचा आकडा असतो. ती कमीत कमी जाडी. मेकॅनिकला तिथेच मायक्रोमीटर लावायला सांगा. व्हर्निअर असेल तर कडेला राहिलेल्या ओठावर (न झिजलेल्या उंच कडेवर) नको, घासल्या जाणाऱ्या पट्ट्यावर माप घ्यायचं. ड्रमच्या आतल्या व्यासाचंही तसंच, तिथे जास्तीत जास्त किती ते कोरलेलं असतं. ६२ हजारात दोन्ही ड्रम जाणं मी फार कमी वेळा पाहिलंय.

मागच्या ड्रममध्ये व्हील सिलिंडर असतो, तो ब्रेक शू ड्रमवर दाबतो. त्याचं रबरी बूट बोटाने थोडं सरकवायचं. आत ओलं लागलं तर गळती आहे. कोरडं असेल तर ६२ हजार झाले एवढ्या कारणाने बदलायची गरज नाही. मात्र एक गळत असेल तर जोडीने बदला, दुसराही त्याच वयाचा आहे. आणि शूवर ऑइल सांडलं असेल तर ते शू धुऊन वापरू देऊ नका.

ब्रेक ऑइलची टाकी खाली गेली म्हणून कुणी घाबरवलं तर ऐकून घ्या, पण लगेच मान डोलावू नका. पॅड झिजतात तसा कॅलिपरचा पिस्टन बाहेर येतो, त्याच्या मागे ऑइल जातं आणि टाकीतली पातळी उतरते. वरून टॉप-अप करून ठेवलं तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की तेच ऑइल झाकणातून बाहेर येतं आणि बॉनेटखालचा रंग खातं.

आता पैशाचं. मेकॅनिकला आम्ही एमआरपीवर सूट देतो आणि तो तुम्हाला एमआरपीने बिल लावतो. ही चोरी नाही. दुकानात येणं, बरोबर पार्ट ओळखणं, चुकीचा निघाला तर परत आणणं, हे सगळं त्यातून निघतं. चोरी म्हणजे न बदललेला पार्ट बिलात लावणं, किंवा हलका पार्ट टाकून कंपनीचा भाव घेणं. माझं स्पष्ट मत आहे की गिऱ्हाईक लेबरवर घासाघीस करतं तिथूनच हे सुरू होतं. दोन तास घाम गाळणाऱ्याला “तीनशे घे” म्हटलं की तो राहिलेले पैसे पार्टमधून काढतो. लेबर पूर्ण द्या, आणि त्या बदल्यात रिकामी पाकिटं आणि जुने पार्ट मागून घ्या. पाकिटावर पार्ट नंबर, छापील किंमत, महिना-वर्ष असतं. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं बेकायदा आहे. किमतीवर दुसरा स्टिकर चिकटवला असेल तर खाली काय आहे ते विचारा. आणखी एक: २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्टवरचा जीएसटी १८ टक्के झालाय, पूर्वी बहुतेकांवर २८ होता. एस्टिमेट जुन्या भावाने काढलंय का तेही बघा.

मेकॅनिकचं नाव इथे जाहीर देत नाही, उगाच जाहिरात केल्यासारखं होईल. पण वरचं सगळं दाखवणारे आपल्या गावात आहेत, छोट्या गॅरेजमध्ये जास्त.

घाटरस्ता_टॅक्सी

ताईंनी चांगलं सांगितलं. उद्यमनगरवाले दादा, तुमच्या बोलण्यात एक भर घालतो. टर्निंग सरसकट नको. लेथवर घासल्यानंतरही डिस्क त्या कोरलेल्या आकड्याच्या बऱ्यापैकी वर राहिली पाहिजे, कारण पुढे पॅडसोबत ती आणखी झिजणारच. पातळ डिस्क घाटात लवकर तापते. त्या आकड्याच्या जवळ आली असेल तर पैसे वाचवायची ती जागा नाही, नवीनच टाका. आणि टर्निंग करून आणलेली डिस्क बसवताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढायला लावा. गंजाचा कण मध्ये राहिला की डिस्क तिरकी बसते आणि थोड्या दिवसांनी थरथर परत येते. चाकाचे नट गनने कसेही आवळले तरी तेच होतं.

ब्रेक ऑइल मात्र बदलाच, तिथे वर्कशॉपवाला बरोबर आहे. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि आपल्याकडच्या पावसात तर विचारूच नका. डॉट ४ नवीन असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी धरल्यावर तीच हद्द १५५ च्या आसपास येते. आंबा घाट सलग ब्रेकवर उतरलात की कॅलिपर भयंकर तापतो, ऑइलमध्ये वाफ धरते आणि पेडल एकदम खाली जातं. दर दोन वर्षांनी बदलायचं. टाकीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच टाका, आणि सीलबंद डबा समोर उघडायला लावा. गॅरेजच्या कोपऱ्यात महिनाभर उघडा पडलेला अर्धा डबा नको.

घाट उतरताना सेकंड गिअर. ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका, दाबा आणि सोडा. जळका वास आला तर रुंद जागा बघून थांबा, पण गरम चाकावर पाणी मारू नका.

गिरिजा_कोल्हापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. ऑफिसमधल्या एकांनी सुचवलेल्या छोट्या गॅरेजमध्ये गेले. चाकं उघडायला सांगितल्यावर त्यांनी स्वतःच स्टूल दिलं, “बसा आणि बघा.”

निघालं ते असं: डावीकडचा आतला पॅड दोन मिलिमीटर, बाहेरचा जवळजवळ पाच. एक पिन हाताने हलतच नव्हती, गंजून तांबूस झाली होती. डिस्क दोन्ही आकड्याच्या बऱ्याच वर, म्हणून उद्यमनगरात टर्निंगला पाठवल्या. परत आल्यावर मायक्रोमीटर पुन्हा लावून दाखवला. मागे उजव्या व्हील सिलिंडरच्या बूटखाली ओलं होतं आणि त्या बाजूचे शू काळे पडून चिकट झाले होते. पेडल खाली जाण्याचं कारण तेच असावं असं ते म्हणाले. ड्रम दोन्ही चांगले. कॅलिपर किटची गरज नाही.

बिल: पॅड १,४५०, टर्निंग ६००, मागचे शू १,३५०, व्हील सिलिंडरची जोडी १,१००, ब्रेक ऑइल ४८०, लेबर १,५००. एकूण ६,४८०. लेबरला एक रुपया कमी केला नाही. पाकिटं आणि जुने पार्ट डिकीत आहेत.

म्हणजे वर्कशॉपच्या यादीतलं निम्मं काम खरं होतं, आणि बावीसशेत पॅड टाकून निघाले असते तर गळका सिलिंडर घेऊन घाट उतरले असते. याचं मला जास्त वाईट वाटतंय, कारण त्या गॅरेजवाल्याच्या मनात काही वाईट नव्हतं.

एक शंका: नव्या पॅडवर ब्रेक किंचित कमी लागतोय असं वाटतं. हे ठीक आहे ना? शनिवारी निघायचंय.

पार्ट्स_काउंटर

पेडल टणक आहे का ते आधी बघा. गाडी बंद ठेवून दोन-तीनदा दाबा, मग पाय तसाच दाबून ठेवा. हळूहळू खाली सरकत गेलं किंवा स्पंजासारखं लागलं तर शनिवारची वाट बघू नका, उद्याच परत न्या. ब्रेक ऑइलच्या पाइपात हवा राहिली असेल.

टणक असेल तर पॅड अजून डिस्कवर बसलेले नाहीत, एवढंच. पहाटे मोकळ्या रस्त्यावर साठच्या स्पीडवरून वीसपर्यंत बेताने ब्रेक मारत आणा, पूर्ण थांबू नका, मध्ये गाडी पळू द्या म्हणजे डिस्क गार होतात. असं आठ-दहा वेळा करा. पहिले दोनशे किलोमीटर जोराचा ब्रेक शक्यतो टाळा. हे शनिवारच्या आत गावातल्या गावात उरकून घ्या, नव्या पॅडवर पहिलीच फेरी घाटाची नको. आणि शुक्रवारी संध्याकाळी गॅरेजवरून जाताना चाकाचे नट पान्याने पुन्हा एकदा तपासून घ्या, त्या मागच्या सिलिंडरच्या आतल्या बाजूला ओल नाही ना तेही बघायला सांगा. त्याचे पैसे कुणी घेत नाही.