‘व्हॅल्यू टाइप’ला मराठीत काय म्हणावं?

कातळावरची:
मंडळी, एक शब्द हवाय. एका छोट्या प्रोग्रॅमिंग लँग्वेजच्या कंपायलरवर (लिहिलेला कोड चालण्याजोगा करणारा प्रोग्रॅम) काम करतेय, रत्नागिरीला घरूनच, आणि तीन दिवस छळणारा बग काल सापडला. त्याची नोंद मराठीत लिहायला बसले आणि ‘व्हॅल्यू टाइप’लाच अडले, म्हणजे असा डेटा जो दुसऱ्या नावात टाकला की त्याची वेगळी कॉपी होते. ‘मूल्य प्रकार’ म्हटलं की शाळेतलं मूल्यशिक्षणच डोळ्यासमोर येतं.

बग असा. लूपमध्ये, म्हणजे तोच कोड फेऱ्याफेऱ्यांनी पुन्हा चालतो तिथे, ब = अ केलं, मग ब.क्ष (ब मधला क्ष) मध्ये ५ टाकले, तर पुढच्या फेरीत अ.क्ष पण ५! दोन्ही स्ट्रक्ट (अनेक किंमती एकत्र ठेवणारा व्हॅल्यू टाइप), म्हणजे ब ला स्वतःची कॉपी मिळायलाच हवी, पण ऑप्टिमायझरने (कंपायलरचा कोड वेगवान करणारा भाग) बघितलं की अ खाली कुठे वापरलेला नाही, मग कॉपी कशाला, म्हणून दोघांना एकच जागा दिली. खाली वापर नव्हता हे खरं, पण लूप परत वर जातो आणि तिथे पहिल्याच ओळीत अ वाचला जातो. ती मागे जाणारी वाट हिशेबात धरली आणि बग गेला.

खाडीपल्याड:
ताई, गणितात ‘क्ष ची किंमत काढा’ असंच शिकलो ना आपण, मग ‘किंमत’ का नको?

कातळावरची:
एका आकड्याला चालेल रे, पण इथे अख्खा स्ट्रक्ट आहे, आणि मुद्दा कॉपी होण्याचा आहे. ‘नक्कल’ घ्यावं तर ‘नकली’ होतं, म्हणजे खोटं.

कलमवाले काका:
बाळ, कोडिंग मला येत नाही, पण दोघांना एकच जागा हे वाचून सातबारा आठवला. पंधरा नावं, जमीन एकच, एकाने झाड तोडलं की सगळ्यांचं गेलं. आणि तुला हवंय ते कलम. हापूसची काडी कोयीच्या रोपावर बांधली, जगली, की ते झाड वेगळं. पुढे त्याची छाटणी कर नाहीतर तोड, मूळ झाडाला काही होत नाही.

खाडीपल्याड:
कलम सुंदर आहे काका, पण कायद्याचं कलम, लेखणी, आधीच फार अर्थ आहेत त्याला. वाटणी झाली की आपण ‘खातं स्वतंत्र झालं’ म्हणतो, तेच घ्या. ‘सामायिक’ आणि ‘स्वतंत्र’.

कातळावरची:
अगदी पटलं! सी शार्प या लँग्वेजमध्ये क्लास सामायिक, स्ट्रक्ट स्वतंत्र. आणि बॉक्सिंगला सरळ ‘पेटीत भरणं’ म्हणूया, कारण स्ट्रक्ट ‘ऑब्जेक्ट’ प्रकारच्या नावात टाकला की त्याची वेगळी कॉपी हीपवर (मेमरीचा एक भाग) जाते, नंतर बाहेरचा बदलला तरी पेटीतला तसाच राहतो. नोंद लिहून टाकली: ‘स्वतंत्र प्रकाराला चुकून सामायिक जागा मिळत होती.’