मदत हवी आहे: बाबांना न दुखावता वेगळं मत कसं सांगावं?

यवतमाळ जिल्ह्यात आमचं सहा एकर वावर आहे, पऱ्हाटी (कपाशी) अन् तूर. बाबा आणि मी दोघंच पाहतो. फवारणीचा विषय निघाला की भडका उडतो. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारा सापळा) सलग 3 रात्री रोज 8 पतंग सापडले की गुलाबी बोंडअळीसाठी फवारा, असं कृषी विभाग सांगतो. मी तेवढंच म्हणतो. बाबांचं उत्तर ठरलेलं: "तुह्या जन्माच्या आधीपासून कास्तकारी करून राह्यलो मी." मग अबोला, अन् निरोप आईमार्फत.

गप्प बसून पाहिलं, पण जेवण गोड लागत नाही. कृषी सहायकांना वावरात आणलं. बाबांनी त्यांना चहा पाजला, मान डोलावली (पाहुणचारात माणूस एक नंबर!) आणि संध्याकाळी पंप पाठीवर घेतलाच. मजुरांसमोर मी बोलत नाही, त्यांच्या मानाचा प्रश्न आहे.

वेगळं निघा, वावर वाटून घ्या, हे सल्ले नकोत. व्हिडिओ बाबा पाहत नाहीत. ज्यांच्या घरी असं होतं अन् निवळलं, त्यांनी सांगावं: बोलायला वेळ कोणती निवडली, पहिलं वाक्य काय काढलं? आणि ते "नाही" म्हणाले की तिथंच थांबायचं, की विषय पुन्हा काढायचा?