छोट्या जिवांपुढे थक्क झालात, तो अनुभव सांगा (अनुभव धागा)

परसदारी:
वाघ-बिबट्यांवर पुष्कळ बोलून होतं. इथे नखाएवढ्या जिवांबद्दल लिहूया. काय पाहिलंत ते नेमकं सांगा, लांबलं तरी चालेल.

सुरुवात मी करते. आमच्या खिडकीच्या चौकटीवर कुंभारीण माशीने घर बांधलं. ओल्या मातीची गोळी तोंडात धरून यायची, ती थापून पुन्हा मातीला जायची. बघता बघता बोराएवढा चंबू तयार झाला, काठ बाहेर वळवलेल्या तोंडासकट. आत ती अंडं बारीक धाग्याने छताला टांगते, हे मी नंतर वाचलं. मग हिरव्या अळ्या येऊ लागल्या. डंख मारून लुळ्या केलेल्या, पण जिवंत, म्हणजे पिल्लाला ताजं खाणं. शेवटी तोंड लिंपलं आणि ती गेली ती गेलीच. पिल्लाची आणि तिची भेट नाही, त्याला शिकवणारं कुणी नाही, तरी त्यातून मादी निपजली तर तीही असाच चंबू घडवणार! सासूबाई म्हणाल्या, "लेकुरवाळीचं घर आहे, झाडू लावू नकोस." माझा हात तसाही धजला नसता.

विहिरीकाठ:
आमच्या बाभळीवर सुगरणीचे खोपे असतात. नाव सुगरण, पण विणकाम नराचं. उसाच्या पात्याला चोचीने खाच पाडून तो उडतो आणि लांब पट्टी सोलून निघते. अर्धा खोपा झाला की पंख फडफडवत मादीला बोलावतो. ती आत शिरून पाहते. पसंत पडला तरच पुढची नळी विणायची. सालिम अलींनी १९३०च्या सुमारास किहीमला हे बारकाईने टिपलं, आणि एक मादी नांदू लागली की नर दुसरीसाठी नवा खोपा सुरू करतो हेही. नापसंत खोपेही आम्ही काढत नाही.

सावली:
उंबराची फुलं फळाच्या आत असतात. इवलीशी माशी चिंचोळ्या तोंडातून आत घुसते, त्यात तिचे पंखसुद्धा तुटतात. परागीभवन करून, अंडी घालून ती तिथेच मरते. हे कळल्यापासून उंबराखालून जाताना पाऊल आपोआप थांबतं.

सड्यावरची:
पाऊस सरताना आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पिवळसर चतुरांचे थवे दिसतात. ह्याच जातीचे चतुर ऑक्टोबरमध्ये मालदीवला उतरतात आणि पुढे समुद्रावरून पूर्व आफ्रिकेकडे जातात, असं अभ्यासक मानतात. वजन एक ग्रॅमही नाही! समोरचा थवा तिकडेच निघालाय का, मला सांगता येणार नाही, पण तेव्हापासून चतुराच्या शेपटीला दोरा बांधणाऱ्या पोरांना मी हे ऐकवतेच.

काळीमाती:
मृगाचा किडा राहिला. पहिल्या पावसानंतर बांधावर निघणारा, लाल मखमलीचा, आठ पायांचा. आजोबा तळहातावर ठेवू द्यायचे आणि लगेच मातीत सोडायला लावायचे. आमच्या शिवारात आता क्वचितच दिसतो. यंदा कुणाला दिसला असेल तर तालुका आणि पीक दोन्ही लिहा, फवारणी होते का तेही.